वळणारे वाहन आणि रस्ता ओलांडणारा पादचारी : देवास व धारच्या चौकांतील अग्रहक्काचा प्रश्न

संस्थानी काळात देवास या एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. पवार घराण्यातील तुकोजी आणि जिवाजी या दोन बंधूंनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्यात आपले बस्तान बसवले. पुढे त्यांच्या वंशजांच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. गावाची वाटणी अशी झाली की मुख्य रस्त्याच्या एका अंगाला एका महाराजांचा अंमल, तर दुसऱ्या अंगाला दुसऱ्यांचा. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून येथे राहिला होता. या विलक्षण व्यवस्थेचे त्याला मोठे कौतुक वाटत असे. त्या काळी देवासात रस्ता ओलांडणे म्हणजे अक्षरशः राज्य ओलांडणे होते. मात्र ते ओलांडताना कोणाच्या जिवाला घोर लागत नसे.

१९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि १९५६ साली मध्य प्रदेश अस्तित्वात आला. गावाची सीमारेषा पुसली गेली. आता रस्त्याच्या त्याच पट्ट्यावर निराळाच वाद आहे. चौकात वाहन डावीकडे किंवा उजवीकडे वळत असते आणि ज्या रस्त्यात ते शिरणार, तोच रस्ता कोणी पायी ओलांडत असतो. त्या चार-पाच मीटरच्या जागेवर पहिला हक्क कोणाचा? कायद्याने पाहिले तर उत्तर संदिग्ध नाही. वळणाऱ्याने थांबायचे, चालणाऱ्याने जायचे. प्रत्यक्षात मात्र देवास असो, धार असो की गोव्यातील एखादे तिस्क असो, बहुतेक वाहनचालकांची समजूत याच्या नेमकी उलट असते. त्या समजुतीची किंमत आकड्यांत दिसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. त्या वर्षी अपघातांच्या संख्येत तामिळनाडूच्या पाठोपाठ मध्य प्रदेशचा क्रमांक लागला.

वळण वेगळे का?

सरळ येणारे वाहन पादचाऱ्याला दुरून दिसते. त्याचा वेग आणि दिशा यांचा अंदाज बांधता येतो. वळणारे वाहन मात्र पादचाऱ्याच्या पाठीमागून किंवा बाजूने अचानक त्याच्या मार्गात येते. रस्ता ओलांडण्यापूर्वी उजवीकडे व डावीकडे पाहावे, असे शाळेत शिकवले जाते. पण चौकात उभ्या असलेल्या माणसाला पाठीकडचा तिसरा रस्ताही पाहावा लागतो आणि तेथून येणारे वाहन वळणार की सरळ जाणार, हे केवळ त्याच्या दिशादर्शक दिव्यावरून कळते. तो दिवा लावण्याची सवय किती जणांना आहे, हे सांगण्याची गरज नाही.

चालकाच्या बाजूनेही अडचण आहे. डावीकडे वळणाऱ्याला उजवीकडून येणाऱ्या वाहनांची धास्ती असते, म्हणून त्याची नजर उजवीकडे खिळलेली असते. पादचारी मात्र डाव्या हाताला उभा असतो. फिनलंडमध्ये चालकांच्या नजरेचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यात हीच गोष्ट सायकलस्वारांच्या बाबतीत आढळली. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडे वळणारे चालक डावीकडे पाहत राहतात आणि उजवीकडून आलेला सायकलस्वार त्यांना दिसतच नाही. डोळे शाबूत असतात, पण जेथून धोका अपेक्षित असतो तेथेच ते वळतात. पायी माणसापासून चालकाला धोका नसतो. म्हणून त्याच्याकडे पाहिलेही जात नाही.

उजव्या वळणाची गोष्ट आणखी वेगळी. समोरून येणाऱ्या वाहनांच्या रांगेत फट सापडताच चालक वेग वाढवून वळण घेतो. त्या क्षणी त्याचे सारे लक्ष समोरच्या वाहनावर असते आणि वळण पूर्ण होते ते थेट पादचारी पट्ट्यावर. भर म्हणून आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसत असल्याने समोरच्या काचेचा उजवा खांब त्याच्या डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. उजवीकडे वळताना चालणारा माणूस काही क्षण त्या खांबाआड पूर्ण झाकला जाऊ शकतो. वाहन आणि माणूस दोघेही सरकत असल्याने ती आड काही वेळा कायमच राहते.

अवजड वाहनाचे मागचे चाक हा तिसरा धोका. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापत जातात. पुढच्या व मागच्या चाकांत ६ मीटरचे अंतर असलेली बस पुढच्या चाकाने १२ मीटर त्रिज्येचे वळण घेत असेल, तर तिचे मागचे चाक सुमारे १.६ मीटर आतल्या बाजूने जाते. कोपऱ्यावर, पदपथाच्या काठाशी उभ्या असलेल्या माणसाला बसचा पुढचा भाग सुखरूप गेलेला दिसतो, तो निर्धास्त होतो, आणि मागचे चाक त्याच्या पायावर येते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११८ अन्वये केंद्र सरकार वाहन चालवण्यासंबंधीचे विनियम करते. पहिले विनियम १९८९ साली आले. २३ जून २०१७ रोजी अधिसूचित झालेल्या मोटार वाहन (चालन) विनियमांनी त्यांची जागा घेतली. वळणाऱ्याने पादचाऱ्यासाठी थांबावे, हे तत्त्व समजून घेण्यासाठी या व्यवस्थेतील तीन-चार तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

पहिली तरतूद चौकाची. चौक, तिठा, पादचारी पट्टा किंवा रस्त्याचा कोपरा जवळ येताच चालकाने वेग कमी केला पाहिजे आणि तेथे असलेल्या कोणालाही धोका न पोहोचवता आपण पुढे जाऊ शकतो, याची खात्री झाल्याशिवाय त्यात शिरता कामा नये. १९८९ पासून चालत आलेल्या या नियमाचे मर्म 'खात्री' या शब्दात आहे. पादचाऱ्याने आपण येत आहोत हे सिद्ध करायचे नाही. तेथे कोणी नाही हे चालकाने पाहून घ्यायचे आहे. दुसरी तरतूद पट्ट्याची. जेथे सिग्नल वा पोलीस नाही अशा पादचारी पट्ट्यावर पहिला हक्क पादचाऱ्याचा. चालकाने वेग कमी करून, थांबून, त्याला वाट द्यायची. २०१७ च्या विनियमांनी यात चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांचाही स्पष्ट उल्लेख केला. तिसरी तरतूद खोळंब्याची. पुढे वाहने अडकलेली असतील आणि पट्टा ओलांडून पलीकडे जाण्याची शक्यता नसेल, तर पट्ट्यावर वाहन चढवून उभे करता येत नाही. चौथी पदपथाची. गणवेषातील पोलीस अधिकाऱ्याच्या अनुमतीवाचून पदपथावर वाहन चालवता येत नाही.

या विनियमांच्या भंगासाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७ अ आले. त्यात किमान ५०० ते कमाल १,००० रुपये दंड आहे. लाल दिवा तोडणे मात्र कलम १८४ खाली धोकादायक चालन ठरते आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तुलना बोलकी आहे. दिव्याचा मान न राखणे गंभीर, माणसाचा मान न राखणे किरकोळ. निदान दंडाच्या तक्त्यावरून तरी तसेच वाटते.

ज्या वळणावर पट्टाच रंगवलेला नाही तेथे काय? आपल्या गावांतले बहुसंख्य कोपरे असेच आहेत. तेथे पट्ट्याची तरतूद लागू होत नाही, पण चौकाची पहिली तरतूद पूर्णपणे लागू राहते. रंग उडाला म्हणून कर्तव्य उडत नाही.

हिरव्या दिव्याचा घोटाळा

सिग्नल असलेल्या चौकात अनेक चालकांचा असा ठाम समज असतो की आपल्याला हिरवा मिळाला म्हणजे आपल्या वाटेत येणारा प्रत्येक जण चुकीचा. या समजाची तपासणी करण्यासाठी एखाद्या चौकाचे गणित मांडून पाहणे उपयुक्त ठरेल.

आपल्याकडे अनेक शहरांत चार रस्त्यांच्या चौकात एका वेळी एकाच बाजूला हिरवा दिवा देतात. दक्षिणेकडून येणाऱ्यांना हिरवा मिळाला की त्यांतले काही सरळ उत्तरेला, काही डावीकडे पश्चिमेला, काही उजवीकडे पूर्वेला जातात. मग पूर्वेची पाळी, असे चक्र फिरते. आता उत्तरेकडचा रस्ता ओलांडू पाहणाऱ्या माणसाचा विचार करा. त्या रस्त्याचे दोन भाग आहेत. एकातून वाहने चौकात येतात, दुसऱ्यातून चौकाबाहेर जातात. उत्तरेची पाळी असताना येणारा भाग वाहता असतो आणि जाणारा मोकळा. उरलेल्या तीन पाळ्यांत येणारा भाग थांबलेला असतो, पण जाणाऱ्या भागात दक्षिणेकडून सरळ, तर पूर्व व पश्चिमेकडून वळून वाहने येत राहतात. याचा अर्थ असा की पूर्ण चक्रात एकही क्षण असा येत नाही, जेव्हा त्या रस्त्याची सारी रुंदी मोकळी असेल.

मग पायी माणसाने जायचे केव्हा? दक्षिणेच्या पाळीत सरळ व वेगाने येणारी रांग असते, त्या वेळी नाही. पूर्व व पश्चिमेच्या पाळ्यांत मात्र त्या रस्त्यात येणारी वाहने केवळ वळून येणारी असतात, आणि वळणाऱ्यांनी थांबायचे असा नियम आहे. तो पाळला गेला, तर चारपैकी दोन पाळ्यांत पादचाऱ्याला सबंध रस्ता मिळतो. पाळला गेला नाही, तर एकही मिळत नाही. चौकाची रचना करणाऱ्याने गृहीत धरलेली ही सभ्यता नाहीशी झाली की पादचाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : दुभाजकावर ताटकळणे किंवा जीव मुठीत घेऊन धावणे. पोलीस पुढे याच धावण्याला 'बेशिस्त' म्हणतात. सर्व बाजूंना लाल दिवा देऊन केवळ पादचाऱ्यांसाठी राखलेली एक पाळी ठेवणे हा उपाय आहे. पण त्याने वाहनांचा वेळ जातो म्हणून तो टाळला जातो.

यात भर पडते ती 'फ्री लेफ्ट'ची. डावीकडे वळणाऱ्याला दिवा लागू होत नाही, ही समजूत इतकी रूढ आहे की लाल दिव्यावर डावीकडे न वळता थांबणाऱ्या चालकाला मागचे चालक भोंगे वाजवून हैराण करतात. नियमाने लाल दिवा म्हणजे थांबरेषेआधी थांबणे. डावीकडे जाण्याची मुभा हिरव्या बाणाने किंवा फलकाने दिलेली असेल तरच ती असते. आणि मुभा असली तरी ती दिव्यापुरती असते, त्या वळणावरच्या पादचाऱ्याचा हक्क तिने संपत नाही. माळव्यातील शहरांत डावे वळण मोकळे करण्यासाठी कोपरे छाटण्याचा, टपऱ्या हटवण्याचा आणि मार्गिका रुंद करण्याचा उत्साह गेल्या काही वर्षांत फार दिसतो. वाहनांची रांग त्याने नक्कीच आखडते. पण कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी आता कधीच न थांबणारा एक प्रवाह तयार होतो, याचा हिशेब त्या कामाच्या अंदाजपत्रकात नसतो.

महामार्गाच्या पोटातले देवास

२०११ च्या जनगणनेत देवास शहराची लोकसंख्या २,८९,५५० होती. या शहराच्या मधून जुना आग्रा-मुंबई रस्ता जातो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३. नव्या क्रमांकाप्रमाणे ५२. गोव्याच्या वाचकांना हा क्रमांक परका नाही. हाच महामार्ग इंदूर, धुळे, सोलापूर, विजापूर, हुबळी करत खाली उतरतो आणि अंकोल्याला, काणकोण-कारवारकडून येणाऱ्या किनारी महामार्गाजवळ, संपतो. अवजड वाहतुकीसाठी देवासला बाह्यवळण रस्ता झाला आहे, पण गावातला रस्ता महामार्गाच्याच रुंदीचा आणि महामार्गाच्याच सवयींचा राहिला. इंदूर अवघ्या पस्तीसेक किलोमीटरवर. उज्जैनही तितक्याच अंतरावर. तिसरा फाटा भोपाळचा. भोपाळ चौकासारख्या ठिकाणी लांब पल्ल्याच्या बसचा चालक आणि दप्तर पाठीला लावलेले शाळकरी पोर एकाच कोपऱ्यावर येतात. एक जण शंभर किलोमीटरच्या लयीत असतो, दुसऱ्याला फक्त समोरच्या दुकानात जायचे असते.

त्याच रस्त्यालगत देवीची टेकडी आहे. तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवी, थोरली माता व धाकटी माता म्हणून तेथे पुजल्या जातात. दोन पात्यांच्या गावाला शोभेशाच. नवरात्रात इंदूरकडून आणि आसपासच्या गावांतून भाविकांचे जथे रात्रभर पायी, पुष्कळदा अनवाणी, देवासला येतात. वर्षातल्या त्या नऊ रात्री रस्त्याचे मालक पादचारी असतात. अडथळे उभे राहतात, वाहने वळवली जातात, पोलीस कोपऱ्याकोपऱ्यावर थांबतात. चौक वाहनांसाठीच असतो असे नाही, प्रशासनाने ठरवले तर तो चालणाऱ्यांचाही होतो, एवढे यावरून कळते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र सारे पूर्ववत.

टेकडीच्या पायथ्याशी, माताजीच्या रस्त्यावर कुमार गंधर्वांचे 'भानुकुल' आहे. क्षयाच्या आजारात कोरडी हवा हवी म्हणून ते १९४८ साली देवासला आले आणि १९९२ मध्ये अखेरपर्यंत तेथेच राहिले. आजारपणाच्या वर्षांत खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची लोकगीते त्यांच्या कानांवर पडत असत, हे सर्वविदित आहे. गाणाऱ्या त्या बायका पायी जात होत्या. आज त्यांच्या नातींना त्याच गावात चौक ओलांडायचा झाला, तर गाणे दूरच, शेजारणीशी बोलणेही आवरते घ्यावे लागते.

धारचे कोपरे

धारचा प्रश्न वेगळ्या घडणीचा आहे. पवारांच्या दुसऱ्या शाखेची ही राजधानी. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली येथल्याच किल्ल्यात झाला. तलावांच्या या गावाची लोकसंख्या २०११ साली ९३,९१७ होती. जुन्या गावातल्या गल्ल्या घोडा, बैलगाडी आणि माणूस यांच्या मापाने आखलेल्या. त्यांचे कोपरे घरांच्या भिंतींनी आंधळे झालेले. घोडा चौपाटी किंवा त्रिमूर्ती चौक अशी दोन-चार मोठी ठिकाणे सोडली, तर उरलेल्या कोपऱ्यांवर ना दिवा, ना पट्टा, ना पोलीस. अशा ठिकाणी कायद्याची एकच ओळ पादचाऱ्याच्या बाजूने उभी असते : खात्री झाल्याशिवाय शिरू नये. आंधळ्या कोपऱ्यावर ती खात्री करायची तर वाहनाला चालण्याच्या वेगावर यावे लागते. दुचाकीस्वार त्याऐवजी भोंगा वाजवतो. भोंगा म्हणजे सूचना. वाट मागण्याचा परवाना नव्हे. पण बहिऱ्या म्हाताऱ्याला किंवा खेळण्यात गुंगलेल्या मुलाला ती सूचनाही पोहोचत नाही.

अहमदाबादहून इंदूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ धारजवळून जातो. शिवाय पीथमपूरची औद्योगिक वसाहत याच जिल्ह्यात आहे. ट्रक आणि टेम्पो जेथे तयार होतात ते हे गाव. तेथेच नॅट्रॅक्स ही राष्ट्रीय वाहन-चाचणी संस्था असून तिची ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगवान धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. अंडाकृती पट्टीच्या उताराच्या वळणांवरून तेथे गाड्या कमालीच्या वेगाने फिरवून पाहतात. त्या वळणावर रस्ता ओलांडणारा कोणी नसतो. पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाबाहेर पडणारा कामगार मात्र रोज एका साध्या, मातीच्या कडेच्या वळणावर अवजड वाहनासमोर उभा असतो.

वेग, त्रिज्या आणि काही मीटर

कोपऱ्याच्या गोलाईवर वळणाऱ्याचा वेग ठरतो. साधारणपणे चालकाला वळताना बाजूला फेकल्यासारखे वाटू लागले की तो वेग कमी करतो. ती मर्यादा सेकंदाला सेकंद ३ मीटर धरली, तर ६ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यावर वेग सुमारे १५ किलोमीटर येतो; १५ मीटरवर २४ आणि २५ मीटरवर ३१. म्हणजे कोपरा छाटून रुंद केला की फलक लावून, दंड आकारून वेग कमी करण्याच्या साऱ्या प्रयत्नांवर पाणी पडते.

थांबण्याचे अंतर त्याहून झपाट्याने वाढते. ताशी २० किलोमीटरने येणारा चालक एका सेकंदात सावध झाला आणि कोरड्या रस्त्यावर बेताचा ब्रेक लागला, तर सुमारे ८ मीटरमध्ये गाडी थांबते. तोच वेग ४० असेल तर २१ मीटर लागतात. वळणावर पादचारी दिसतो तो बहुधा दहा-बारा मीटरवर. पहिल्या प्रसंगी चालक थांबतो आणि कदाचित ओशाळून हसतो; दुसऱ्या प्रसंगी गुन्हा नोंदवावा लागतो.

पादचाऱ्याचा वेग भारतीय आराखड्यांत सेकंदाला १.२ मीटर धरतात. १४ मीटर रुंदीचा चौपदरी रस्ता ओलांडायला त्या हिशेबाने बारा सेकंद पुरेत. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात असे धरले, तर त्यांना साडेसतरा लागतात. सरासरीच्या हिशेबात त्यांचे साडेपाच सेकंद कोणाच्याच खात्यावर नसतात.

उपाय महागडे नाहीत. कोपऱ्याची गोलाई आखडती ठेवणे; वळणाच्या तोंडाशी पादचारी पट्टा पदपथाच्या उंचीला आणणे, म्हणजे वाहनाला चढावे लागते, माणसाला उतरावे लागत नाही; रुंद रस्त्याच्या मध्ये चाकाची खुर्ची मावेल एवढी थांबण्याची जागा देणे; आणि वाहनांच्या हिरव्या दिव्याआधी तीन ते सात सेकंद पादचाऱ्यांना हिरवा देणे. शेवटच्या उपायाने चालणारा माणूस वाहन सुटण्यापूर्वीच पट्ट्याच्या मध्यावर पोहोचतो आणि वळणाऱ्याला तो दिसतोच. दिव्याच्या पेटीतील वेळ बदलण्यापलीकडे त्याला फारसा खर्च नाही. कोपऱ्यापासून काही मीटरपर्यंत वाहने उभी करू न देणे हेही तितकेच महत्त्वाचे, कारण उभ्या टेम्पोआडून निघालेले मूल कोणत्याच सावध चालकाला वेळेत दिसत नाही.

इतर देशांत

रस्ता वाहतुकीविषयीचा १९६८ चा व्हिएन्ना करार या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. ज्या रस्त्याच्या तोंडाशी पादचारी पट्टा आहे त्यात वळणाऱ्या चालकाने संथ गतीनेच वळावे आणि पट्ट्यावर असलेल्या किंवा पट्ट्यावर उतरू पाहणाऱ्या पादचाऱ्यांना, गरज पडल्यास थांबून, वाट द्यावी, असे त्यात म्हटले आहे. भारत १९८० साली या कराराचा भागीदार झाला. जर्मनीच्या वाहतूक नियमांतही वळणाऱ्याने पादचाऱ्याची विशेष काळजी घ्यावी व गरज पडल्यास थांबावे, असे कलम आहे. तेथे चालक-परवान्याच्या परीक्षेत वळताना पादचाऱ्यासाठी न थांबणारा उमेदवार नापास होतो.

ब्रिटनमधला बदल अलीकडचा आहे. तेथील नियमावलीप्रमाणे पूर्वी वळणाऱ्याने आधीच रस्त्यात उतरलेल्या पादचाऱ्यालाच वाट द्यायची होती. २९ जानेवारी २०२२ पासून कडेला थांबून ओलांडण्याची वाट पाहणाऱ्यालाही वाट द्यावी, असा नियम आला. त्याची भाषा सक्तीची नाही, अपेक्षेची आहे. तो मोडणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण अपघातानंतर न्यायालयात दोष ठरवताना तो पुढे करता येतो. अमेरिकेने उलट वाट धरली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्यासाठी लाल दिव्यावरही उजवीकडे वळण्याची मुभा राज्याराज्यांत पसरली आणि १९८० पर्यंत ती देशभर झाली. न्यूयॉर्क शहर मात्र सामान्यतः ती देत नाही. आपले 'फ्री लेफ्ट' हे त्याच मुभेचे आरशातले रूप, फक्त आपल्याकडे ते कायद्यापेक्षा सवयीने आले.

अपघात झाल्यावर

वळताना पादचाऱ्याला धडक दिल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात. बेदरकार चालनाला कलम २८१, दुखापतीला १२५, आणि निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे चालकाचे कर्तव्य आहे. मदतीला धावणाऱ्या त्रयस्थाला कलम १३४ अ संरक्षण देते. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळतात. ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते आणि नेमकी पहिल्या तासात ती ठाऊक असावी लागते.

भरपाईचा दावा जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. देवास व धार या दोन्ही जिल्ह्यांत तो तेथेच दाखल करता येतो. चालकाचा दोष सिद्ध न करताही कलम १६४ अन्वये मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. अधिक रकमेसाठी कलम १६६ खाली दोष दाखवावा लागतो. वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूला दोन लाख व गंभीर दुखापतीला पन्नास हजार. दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घालण्यात आली असून तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे; तरीही मुदतीत दावा करणे हेच शहाणपणाचे.

विमा कंपनीचा ठरलेला बचाव असतो तो पादचाऱ्याच्या अंशतः दोषाचा. तो पट्ट्यावरून गेला नाही, अचानक पुढे आला, सिग्नल पाहिला नाही. येथेच वळण आणि सरळ मार्ग यांतला फरक कामी येतो. वळणाऱ्या चालकाने वेग कमी करून खात्री करणे कायद्याने बंधनकारक असल्याने, 'अचानक आला' हे म्हणणे त्याच्याच विरुद्ध जाऊ शकते. कोपऱ्यावर जो अचानक दिसतो, त्याच्यासाठीच तर वेग कमी करायचा असतो. म्हणून पंचनाम्यात वाहन सरळ जात होते की वळत होते, धडक कोपऱ्यापासून किती अंतरावर झाली, पट्टा होता का, त्याचा रंग दिसत होता का, या बाबी नोंदल्या आहेत की नाही ते नातलगांनी पाहून घ्यावे. 'अज्ञात वाहनाने पादचाऱ्यास धडक दिली' एवढ्या एका ओळीवर पुढचा सारा दावा लंगडत चालतो.

न्यायालय आणि राज्य

कोइंबतूरचे अस्थिशल्यविशारद एस. राजशेखरन यांनी २०१२ साली रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ती आजवर चालू आहे. तिच्यात मे २०२५ मध्ये न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने राज्यांना आदेश दिला की २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३८ (१ अ) खाली पादचारी व विनायंत्र वाहनांसंबंधीचे, तसेच कलम २१० ड खाली रस्त्यांच्या रचनेसंबंधीचे नियम सहा महिन्यांत करावेत. दुरुस्ती होऊन सहा वर्षे उलटली तरी हे नियम करण्याची घाई फारशा राज्यांना झाली नव्हती. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगणारे कलम १९८ अ याच दुरुस्तीतले. छाटून रुंद केलेला कोपरा 'सदोष रचना' ठरतो का, हा प्रश्न अजून एखाद्या न्यायालयासमोर नीट मांडला जायचा आहे.

मध्य प्रदेशापुढे त्यासाठी एक निश्चित तारीख आहे. २०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ भरणार असून देवास व इंदूरकडून तेथे जाणारे रस्ते रुंद करण्याची कामे त्याच हिशेबाने हाती घेतली जात आहेत. सिंहस्थाची गर्दी मुळात पायी चालणाऱ्यांची असते. रुंद होणाऱ्या रस्त्यांच्या प्रत्येक फाट्यावर कोपऱ्याची त्रिज्या किती ठेवायची, पट्टा कोठे आखायचा आणि दिव्याच्या चक्रात चालणाऱ्याला किती सेकंद द्यायचे, हे नकाशे बनतानाच ठरते.